भेसळ की मिलाफ?

यंदाच्या स्नेहसंमेलनात आम्ही मुलींनी 'रेला' नाच केला. डीजेचा ठेका होता, शिट्ट्या पडल्या, बक्षीसही मिळाले. ऊर्जानगरला घरी आल्यावर मोबाईलवरचे चित्रण मी आजीला दाखवले. आजी भामरागडकडची. वडील वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला लागले, तेव्हा तीही इकडे आली. शेवटपर्यंत पाहून ती एवढेच म्हणाली, "बाई, यातले बोल कुठी गेले?"

मी निरुत्तर झाले. मला तिची माडिया गोंडी समजते, पण बोलता येत नाही.

लोककलेत काहीही मिसळू नये, असे काहींना वाटते. काळाप्रमाणे बदललेच पाहिजे, असे इतर म्हणतात. मित्रहो, मला हा वादच अपुरा वाटतो. प्रश्न मिसळण्याचा नाही. मिसळताना काय राखले, याचा आहे.

एक दूरचे उदाहरण पाहा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी आठवणीतल्या तंतुवाद्यांवरून अमेरिकेत बँजो घडवला. त्यांच्या वंशजांनी कापसाच्या शेतात राबताना जी गाणी रचली, त्यांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्लूज हे संगीत उभे राहिले. पुढे माली देशातील अली फर्का तूरे (१९३९-२००६) याने जॉन ली हूकरचे ब्लूज ऐकले, तेव्हा ते त्याला आपल्याच मुलखातले वाटले. तुटलेले नाते त्याने सुरांवरून ओळखले! १९९४ साली त्याने राय कूडर या अमेरिकन गिटारवादकाबरोबर 'टॉकिंग टिंबक्टू' ही ध्वनिमुद्रिका काढली आणि तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गिटार परकी होती, साथीदार परदेशी होता. पण तो गायला सोंघायसारख्या आपल्या मुलखातील भाषांत. मुखपृष्ठावर दोघांचीही नावे होती. कीर्ती मिळाल्यावरही त्याने नियाफुंके गावची शेती सोडली नाही. २००४ साली तो तिथला महापौर झाला.

इतक्या दूर तरी कशाला जायचे? आपली झाडीपट्टी रंगभूमी दंडारीच्या परंपरेतून वाढली. तिने नवी वाद्ये घेतली, विजेचे दिवे घेतले, तरी शंकरपटाच्या दिवसांत गावोगावी माणसे रात्रभर नाटक पाहतात. त्याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. नवे घेतल्याने ती परकी झाली नाही, कारण बोलणारी माणसे आपलीच राहिली.

आमच्या नाचात मात्र ठेका राहिला आणि गाणारी बाईच गळून गेली. याला मी मिलाफ म्हणणार नाही. मिलाफाला दोन बाजू लागतात. आमच्याकडे एकच होती.

दोष डीजेचा नाही, माझाही आहे. कॉलेजात येणारी मी घरातली पहिलीच. शिकता शिकता आजीची भाषा मागे टाकायची असते, असे मला कुणी सांगितले नव्हते. तरी मी ती टाकली. या सुट्टीत आजीकडून एक रेला बोलांसकट शिकायचे ठरवले आहे. पुढच्या वर्षी ठेका खुशाल असू द्या. पण माईक आधी गाणाऱ्यांपुढे ठेवा.