‘वेळच पुरला नाही’

सराव परीक्षेचे पेपर तपासून वाटले की वर्गातून हमखास ऐकू येते, ‘सर, सगळं येत होतं, वेळच पुरला नाही.’ राज्य मंडळाने २०२३ पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून दिली, तरी ही तक्रार थांबलेली नाही. आपण ती सबब समजून उडवून लावतो. तसे करू नये.

वेळेचे भान राहायला वेळेकडे थोडे लक्ष असावे लागते. वर्गसमीकरण सोडवणारा विद्यार्थी तिन्ही सहगुणक, त्यांची चिन्हे आणि अर्धवट काढलेला विवेचक डोक्यातच धरून ठेवतो, तेव्हा ते लक्ष शिल्लक राहत नाही. ब्लॉक, हॅनकॉक आणि झकाय या संशोधकांनी २०१० मध्ये डोक्यावरचा भार आणि वेळेचा अंदाज यांवरच्या ११७ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. वेळेचा अंदाज सांगायचा आहे हे आधी ठाऊक असेल, तर डोक्यावरचा भार वाढल्यावर गेलेला वेळ कमी वाटतो. काम उरकल्यावर अचानक विचारले, तर मात्र तोच वेळ जास्त वाटतो.

पेपर लिहिताना पहिली गत होते. वीस मिनिटे गेलेली असतात, मुलाला दहाच वाटतात. घरी मोबाइल शेजारी ठेवून अभ्यास करताना दुसरी गत होत असावी. दोन ओळी, एक मेसेज, एक रील, पुन्हा गणिताची पहिली ओळ. अशा तुटक संध्याकाळी आठवायला बरेच काही असते, म्हणून ‘तीन तास बसलो होतो’ हे मूल प्रामाणिकपणेच सांगते. वहीत गणिते मात्र चारच असतात.

म्हणून आणखी सराव पेपर वाढवण्याआधी तीन गोष्टी करून पाहाव्यात. कच्चे काम डोक्यात न करता कागदावर करण्याची सवय लावावी. प्रत्येक प्रश्नाआधी अंदाजे मिनिटे आणि सुटल्यावर प्रत्यक्ष लागलेली मिनिटे समासात लिहून घ्यावीत. आणि ‘किती तास अभ्यास केला?’ हा प्रश्न पालकसभेतून हद्दपार करून ‘काय पूर्ण केले?’ असे विचारावे.

हे फक्त मुलांचेच नाही. ‘आजच माहिती भरा’ अशा वरून येणाऱ्या संदेशांनी आपले, शिक्षकांचे, तासही असेच तुटतात. निदान तास चालू असताना शिक्षकाचा फोन कपाटात असावा. मुलांना सांगायचे ते आधी आपण पाळू या.