तीनशे शब्दांपलीकडे

१९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव पोर्श गाडीने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते मरण पावले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता आणि तो मद्य प्यालेला होता, असा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना घातलेली एक अट सर्वांच्या लक्षात राहिली : रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. त्यावर झालेला संताप रास्तच होता. मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र ती अट आणखी एका कारणाने अस्वस्थ करून गेली.

आपल्या शाळांतला निबंध मला चांगला ठाऊक आहे. प्रस्तावना, परिणाम, उपाय, समारोप. त्यात अपघात ‘होतो’. तो कोणी ‘करीत’ नाही. कर्ता गाळलेली ही भाषा मुलांना आम्हीच शिकवली. त्या वयाच्या एखाद्याला कर्त्यासकट वाक्य लिहावेसे वाटले, तर त्याच्या हाती कोणते मराठी पुस्तक द्यावे?

हा प्रश्न मी वर्गात टाकला. ‘श्यामची आई’, ‘शाळा’, लंपन अशी नावे आली. एका विद्यार्थिनीने मात्र जॉन ग्रीनची ‘लुकिंग फॉर अलास्का’ (२००५) ही इंग्रजी कादंबरी सांगितली. वसतिशाळेतली मुले चोरून पितात. एका रात्री प्यालेली मैत्रीण गाडी घेऊन निघते, मित्रच तिला बाहेर पडायला मदत करतात आणि ती परत येत नाही. पुढची सारी कादंबरी या ‘जाऊ दिले’पाशी घुटमळत राहते.

अपराधभाव मराठीला नवा नाही. ‘श्यामची आई’मध्ये तो जागोजागी आहे, पण श्यामचे अपराध धुऊन निघण्याजोगे आहेत आणि ते धुवायला आई आहे. प्रकाश नारायण संतांच्या ‘झुंबर’मध्ये वडिलांच्या मृत्यूला सामोरा जाणारा लंपन दुःखाची फार मोलाची भाषा देतो, पण ते निरपराध मुलाचे दुःख आहे. दारू म्हटली की १९१९ साली रंगभूमीवर आलेला ‘एकच प्याला’ आठवतो. त्यातला सुधाकर संसारी वकील आहे. सतरा वर्षांच्या वाचकाला त्यात एखादा काका दिसेल, तो स्वतः दिसणार नाही. दुःख, अपराध आणि दारू या तिन्ही गोष्टी एकाच मुलाच्या वाट्याला आलेली, आणि झालेले भरून न येणारी किशोर कादंबरी माझ्या वाचनात तरी नाही.

याचे कारण लेखकांच्या अक्षमतेत शोधू नये. किशोरांची पुस्तके किशोर विकत घेत नाहीत. पालक घेतात, शाळा घेते. पुस्तकात दारू आली की शेवटी बोध हवा, अशी दोघांचीही अपेक्षा असते. ‘वाचून मुले बिघडतील’ ही भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण ती उशिरा जागी झालेली भीती आहे. महाराष्ट्रात बीअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट असताना निकालानंतरच्या पार्ट्यांत काय चालते, हे आमच्या विद्यार्थ्यांना आमच्यापेक्षा अधिक माहीत आहे.

कल्याणीनगरच्या प्रकरणात पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून प्रौढांना अटक झाली. खरेखोटे न्यायालय ठरवील. कर्ता गाळण्याचा मोह केवळ निबंधापुरता नसतो, एवढे मात्र त्यातून जाणवते.

कादंबरीने गेलेले जीव परत येत नाहीत, आणि ती शिक्षेची जागाही घेऊ शकत नाही. पण टेबलाशी बसलेला, किल्ली हातात देणारा, ‘नको जाऊस’ न म्हणालेला एखादा मुलगा याही क्षणी या शहरात असेल. त्याला उपाय सुचवायला सांगू नये. ‘मी’ने सुरू होणारे एक वाक्य तरी त्याला आपल्या भाषेत वाचायला मिळावे. ते लिहिणे लेखकांचे काम आहे. आणि लिहिले गेले, तर ग्रंथालयाच्या कुलूपबंद कपाटाऐवजी वर्गात आणणे आम्हा शिक्षकांचे.