तिने नोकरी सोडली नाही

उर्दू माध्यमातून दहावी, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मग हिंजवडीत नोकरी. माझ्या या विद्यार्थिनीच्या पहिल्या पगाराची मिठाई मी खाल्ली आहे. परवा एका निकाहात भेटली. कडेवर दीड वर्षाचं बाळ. म्हणाली, "सर, नोकरी सोडली." शेजारच्या खाला लगेच बोलल्या, "अच्छा हुआ बेटा, घर तो औरत से ही चलता है."

बाहेरचे म्हणतील, मुसलमानांत हे असंच असतं. तसं असतं तर प्रश्न आमच्या मोहल्ल्यापुरता राहिला असता. 2023 मध्ये टीसीएसनेच सांगितलं की त्यांच्याकडे नोकरी सोडण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त झालं. पूर्वी तसं नव्हतं. तेव्हा 'घरून काम' संपत आलं होतं. त्या साऱ्या काय मुसलमान होत्या?

2017 च्या कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलं झालं. पण रजेचा पगार मालकाच्याच खिशातून, आणि खासगी नोकरीतल्या बापाला या कायद्यात एक दिवसाचीही रजा नाही. म्हणजे मूल आईचं, असं कायद्यानेच लिहून दिलं. मग तरुण बाईला घेताना कंपनी कचरते, याचं नवल काय?

आता घरात या. केंद्र सरकारच्या 2019 च्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रीची रोजची 299 मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची 97. तेही जे पुरुष घरकाम करतात त्यांची!

आणि आम्ही दीनचा दाखला देतो. हजरत खदीजा (र.) मक्केच्या नावाजलेल्या व्यापारी होत्या. पैगंबर साहेब (स.) घरच्या कामाला हात लावत, हे हजरत आयेशांनी (र.) सांगितलेलं हदीसमध्ये आहे. ही सुन्नत पाळायला आमची दाढी आड येते का?

मी स्वतःला वगळत नाही. बायको आणि मी दोघंही शिक्षक, एकाच वेळी घरी येतो. मी पेपर उघडतो, ती गॅस पेटवते. वीस वर्षं हेच चाललंय.

म्हणून त्या मुलीने नोकरी 'सोडली' असं मी म्हणणार नाही. कंपनीने दार अरुंद केलं, घराने पाठीवर ओझं दिलं, आणि ती दारातून मावेना तेव्हा आपण म्हणालो, अच्छा हुआ.

त्या दिवशी खालांसमोर मी गप्प बसलो. ते चुकलंच.