दुसऱ्याच्या गिरणीतील आपले भात

आपल्या मंडळाच्या सभासदांचे मावळातील इंद्रायणी भात यापुढे भात म्हणून न विकता, खासगी गिरणीकडून करारावर भरडून घ्यावे आणि मंडळाच्या नावाच्या पिशव्यांतून तांदूळ विकावा, असा विचार सध्या चालू आहे. स्वतःची गिरणी उभारण्यास लागणारे भांडवल पाहता हा विचार प्रस्तुत लेखकास योग्य वाटतो. परंतु सभेत चर्चा होते ती गिरणी कोणती व भरडाईचा दर काय, एवढ्याचीच. गिरणीत गेलेल्या मालाचा हिशेब कोणी व कसा ठेवावयाचा, याविषयी चकार शब्द निघत नाही. आणि माझ्या मते घोटाळा व्हावयाचा तो तेथेच होतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही सभासदांनी मिळून 120 क्विंटल भात एका गिरणीत भरडावयास दिले होते. गोंदिया-भंडाऱ्याकडे आधारभूत किमतीने घेतलेले धान शासन कराराने गिरण्यांकडून भरडून घेते, आणि तेथे न उकडलेल्या तांदळाचा उतारा क्विंटलास 67 किलो असा आधीच ठरलेला असतो. त्या मानाने आमचे 80 क्विंटल 40 किलो यावयास हवे होते. आले कणीसुद्धा 76 क्विंटल. आमच्यापैकी काहींनी गिरणीवाल्यास चोर ठरविले. तो म्हणाला, "भात ओले होते." आता भात 17 टक्के ओलाव्याचे असले व ते 14 टक्क्यांवर वाळविले, तर 120 क्विंटलांचे सुमारे 115 क्विंटल 80 किलोच उरतात आणि त्यांचा तांदूळ साडेसत्त्याहत्तर क्विंटलांच्या आसपास होतो. म्हणजे त्याच्या म्हणण्यात तथ्य असणे शक्य होते. पण दीड क्विंटलाची तूट तरीही उरतेच. भात देताना ओलावा आम्ही मोजला नव्हता व त्याने लिहून घेतला नव्हता. सबब तो चोर होता की आम्ही अन्यायी, हे आजतागायत ठरलेले नाही. संबंध मात्र तुटले. कोंडा व तूस कोणाचे, हेही ठरलेले नसल्यामुळे ते तेथेच राहिले. आणि शंभर किलो भातात तूस वीसबावीस किलो व कोंडा आठेक किलो असतो, हे जनावरे पाळणाऱ्या सभासदांस सांगावयास नको.

मी कासारवाडीस राहतो. येथे आता शेत औषधाला उरलेले नाही. पण या प्रश्नाचे उत्तर आमच्या गल्लीतल्या लेथवाल्यांकडे आहे. मोठी कंपनी ओतीव माल पाठविते, लेथवाला तो कातून परत करतो. माल कंपनीचा, मजुरी याची. नग मोजून येतात व मोजूनच जातात. किती नग बिघडले, किती कीस निघाला, याचीही नोंद होते. 2017 च्या वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम 143 प्रमाणे असा कच्चा माल साधारणतः एक वर्षाच्या आत परत यावा लागतो, म्हणून जुने चलान कोणी विसरू शकत नाही. कारखानदारास जे लोखंडाच्या बाबतीत कळते ते आम्हांस भाताच्या बाबतीत कळू नये, हे आश्चर्य आहे.

महसूल कचेरीत असताना जडवस्तू संग्रह नोंदवही माझ्याकडे होती. निवडणुकीच्या कामी दुसऱ्या कचेरीने नेलेली खुर्ची परत येईपर्यंत आमच्याच वहीत राहत असे. फक्त 'कोठे आहे' या रकान्यात त्या कचेरीचे नाव पडे. (काही खुर्च्या अखेरपर्यंत आल्या नाहीत, पण त्या कोणाकडे होत्या हे तरी आम्हांस ठाऊक होते.) मंडळाच्या वहीतही भात असेच राहिले पाहिजे. गाडी गेली म्हणजे माल खर्ची पडला, असे लिहिणे चूक आहे. मालकी आपलीच असते. 1872 चा करार अधिनियमही दुसऱ्याच्या ताब्यात दिलेल्या मालाविषयी हेच मानतो. आपल्या संमतीवाचून गिरणीवाल्याने आपले भात दुसऱ्याच्या भातात मिसळले आणि ते वेगळे करता येईनासे झाले, तर भरपाई त्याने द्यावयाची. उलट भरडाईचे पैसे चुकते होईपर्यंत माल अडवून ठेवण्याचा हक्क त्याला सामान्यतः असतो. तेव्हा ती रक्कम आधीच बाजूला काढलेली असावी.

आता माल किती पाठवावा? हंगाम संपताच सगळे भात एकदम भरडून घ्यावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पसंत नाही. टरफलासह भात टिकते. तांदळाला सोंडे लवकर लागतात व इंद्रायणीचा वास साठवणीत कमी होत जातो. शिवाय दुसऱ्याच्या गुदामात जितका माल जास्त, तितकी काळजी जास्त. समजा, महिन्यास दहा क्विंटल तांदूळ खपतो आणि भात पाठविल्यापासून पिशव्या हाती येईपर्यंत तीन आठवडे लागतात. त्या तीन आठवड्यांची गरज सात क्विंटल. वीज गेली, यंत्र बिघडले, दिवाळी आली, यांसाठी आणखी पाच धरावे. शिल्लक बारा क्विंटलांवर आली की पुढची 30 क्विंटल भाताची खेप निघावी. ती सुमारे दोन महिने पुरेल. दिवाळीपूर्वी खप वाढतो, तेव्हा हा आकडा वाढवावा.

पिशव्यांचा प्रश्न लहान दिसतो, पण मला तो भाताहून मोठा वाटतो. वीस क्विंटलांस पाच किलोच्या 400 पिशव्या लागतात. गिरणीत हजार छापील पिशव्या टाकून ठेवल्या, तर मंडळाच्या नावाने कोणाचा तांदूळ बाजारात जाईल, हे सांगता येणार नाही. म्हणून 410 द्याव्या आणि फाटलेल्याही परत मोजून घ्याव्या.

महिन्यातून एकदा, आगाऊ न कळविता, दोन सभासदांनी गिरणीत जाऊन पोती मोजावी. गिरणीवाल्यास याचा राग येऊ नये, म्हणून ही अट करारातच लिहावी. उतारा किती ओलाव्यास किती, कणी त्यात धरलेली की वेगळी, कोंडा कोणाचा, हेही तेथेच लिहावे. पहिली खेप निघण्यापूर्वी ओलावा मोजण्याचे यंत्र मंडळाने विकत घ्यावे. नोंदवही मी आखून ठेवली आहे. या हंगामापुरती ती विनावेतन लिहिण्यास मी तयार आहे.