विश्लेषण : ‘अमायलॉइड आढळले’ एवढा रिपोर्ट पुरेसा का नाही?

पायांवर सूज, फेसाळ लघवी, जिना चढताना धाप. अशा तक्रारी घेऊन जरीपटक्यातील एखादा रुग्ण नागपुरातील मोठ्या रुग्णालयात जातो. किडनीची बायोप्सी होते आणि रिपोर्ट येतो : ‘काँगो रेड पॉझिटिव्ह, अमायलॉइड आढळले’. आजाराचे नाव कळले, पण उपचार ठरतात ते त्याच्या प्रकारावरून.

प्रकार किती?
चुकीची घडी पडलेली प्रथिने तंतूंच्या रूपात अवयवांत साचतात, ते अमायलॉइड. अशी ४० हून अधिक प्रथिने ज्ञात आहेत. प्लाझ्मा पेशींच्या ‘लाइट चेन’मुळे ‘एएल’, दीर्घकाळच्या दाहामुळे ‘एए’ आणि मुख्यतः यकृतात तयार होणाऱ्या ट्रान्सथायरेटिनमुळे ‘एटीटीआर’ प्रकार होतो. भारतात ‘एए’मागे क्षयरोग हे मोठे कारण राहिले आहे.

काँगो रेड काय सांगतो?
मूळचा हा कापड रंगवण्याचा रंग. १९२२ मध्ये जर्मन डॉक्टर बेनहोल्ड यांनी तो अमायलॉइडला चिकटतो हे दाखवले. ध्रुवित प्रकाशात तो सफरचंदी हिरवा चमकतो. मात्र ही चमक सर्वच प्रकारांत दिसते. पूर्वी पोटॅशियम परमँगनेटची प्रक्रिया करून रंग उडाला, तर ‘एए’ मानत. ही पद्धत भरवशाची ठरली नाही.

मग प्रकार कसा कळतो?
इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत प्रत्येक प्रथिनासाठी वेगळी प्रतिपिंडे वापरतात. ‘एए’ त्यात बहुधा नीट ओळखता येतो, ‘एएल’मध्ये फसगत होऊ शकते. शंका उरल्यास मास स्पेक्ट्रोमेट्री सर्वांत विश्वासार्ह. ही सोय मोजक्याच ठिकाणी असते. त्यासाठी रुग्णाने प्रवास करण्याची गरज नाही, बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक पाठवता येतो.

चूक झाली तर?
‘एएल’ला प्लाझ्मा पेशींवरील केमोथेरपी लागते, ‘एए’मध्ये मूळ दाह आटोक्यात आणावा लागतो, ‘एटीटीआर’साठी टॅफामिडिससारखी औषधे आहेत. वयस्कर रुग्णाच्या रक्तात योगायोगाने असामान्य लाइट चेन सापडल्या, तर ‘एटीटीआर’ला ‘एएल’ समजून विनाकारण केमो दिली जाण्याचा धोका असतो. उलट, ‘एएल’मध्ये उशीर झाला तर हृदय निकामी होऊ शकते.

म्हणूनच प्रकार कोणता आणि तो कोणत्या तपासणीवरून ठरवला, हे रिपोर्टमध्ये लिहिलेले असलेच पाहिजे. नसेल तर उपचार सुरू होण्यापूर्वी नातेवाइकांनी डॉक्टरांना तसे विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.