बिनतारी हवामानयंत्र कां रुसतें ?

अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांतून अलीकडे एक नवें यंत्र येऊं लागलें आहे. गच्चीवर एक लहानशी पांढरी डबी टांगावी, दिवाणखान्यांत एक पाटी ठेवावी, आणि मध्यें तार नसतांहि बाहेरील उष्णतामान, आर्द्रता व पाऊस यांचे आंकडे घरबसल्या वाचावे, अशी ही सोय. पहिले चार महिने सर्व घर कौतुकानें पाहतें. पुढें कधीं पाटीवर आंकड्यांऐवजीं आडव्या रेघा उमटतात, कधीं बाहेर ५२ अंश झाल्याची वार्ता येते, आणि भिंतीवरची काचेची नळीच बरी होती, असें वडील मंडळी म्हणूं लागतात. यंत्र दुकानदाराकडे परत धाडण्यापूर्वीं थोडा विचार करावा. बहुधा दोष यंत्राचा नसून जागेचा असतो.

हिवाळाभर नीट चाललेलें यंत्र एप्रिलांत मुकें झालें, तर प्रथम खिडकीकडे पाहावें. आपण वऱ्हाडी लोक उन्हाळा लागतांच खिडकींत कूलर बसवितों; त्याचा पत्र्याचा देह नेमका गच्चीवरील डबी व घरांतील पाटी यांच्यामध्यें येतो. डबींतून निघणाऱ्या लहरी अगदीं क्षीण असतात. लांकूड व वीट त्या कशाबशा ओलांडतात. लोखंडी पत्रा मात्र त्यांस परतवून लावतो. टिनाच्या छपराखालीं व पांढऱ्या मातीच्या हातभर रुंद भिंतींच्या जुन्या वाड्यांतहि हीच अडचण. वेष्टनावर छापलेले शंभर मीटर हे मोकळ्या मैदानावरचे समजावे. घरांत त्यांतले वीस-पंचवीस पदरीं पडले तरी पुष्कळ झालें. पाटी दुसऱ्या खिडकीपाशीं नेऊन दहा मिनिटें थांबावें. आंकडे परत आले, तर आणखी कांहीं करणें नको.

न आल्यास विद्युत्घट पाहावे. तापलेल्या स्लॅबवर साधे घट लवकर नासतात व पाझरतात. दोन्ही एकाच वेळीं नवे घालावे; जुना-नवा जोडून काटकसर करूं नये. नवे घट घातल्यावर डबी व पाटी यांची ओळख पुन्हा करून द्यावी लागते. तिचा क्रम सोबतच्या पुस्तिकेंत असतो, व ती पुस्तिका नेमकी त्याच दिवशीं सांपडत नाहीं !

आतां ५२ अंशांविषयीं. आपल्याकडे ऊन थोडें नाहीं. मे २०२० मध्यें अकोल्याच्या पाऱ्यानें ४७ अंश ओलांडले होते. परंतु तो आंकडा सांवलींतील हवेचा. आपली डबी जर पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेली असेल, तर ती हवा मोजीत नसून भिंत मोजीत असते. वेधशाळेंत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या दुहेरी भिंतीच्या पेटींत, जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर ठेवतात व पेटीचें दार उत्तरेस असतें. ही पेटी दीपगृहें बांधणाऱ्या टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश स्थापत्यकारानें एकोणिसाव्या शतकांत योजिली. कादंबरीकार स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. घरीं निदान उत्तरेची सांवली व खेळता वारा एवढें तरी साधावें. उलट प्रकारहि घडतो. डबी कूलरच्या झोताजवळ असली, तर भर दुपारीं ती ३६ अंश दाखविते, आणि तेवढ्यावर विसंबून एखादे आजोबा पोस्टांत जावयास निघतात. पहिल्या चुकीपेक्षां ही चूक अधिक घातक. परीक्षा सोपी आहे. सूर्यास्तानंतर डबीशेजारीं काचेचा तापमापक तासभर टांगावा. एका अंशाहून अधिक फरक नसावा.

हवेच्या दाबाचा आंकडा ९७० च्या आसपास दिसतो व वर्तमानपत्रांतील हजाराशीं जुळत नाहीं, याची चिंता नको. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारें २८० मीटर व अमरावती सुमारें ३४० मीटर उंच आहे. दर आठ-नऊ मीटरांस दाब एक मिलिबार उतरतो. हीच पाटी चिखलदऱ्यास नेली, तर ९०० च्याहि खालीं जाईल.

पावसाचें मात्र अधिक जपावें लागतें. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याखालीं एक लहानशी ढकलपाळी असते. ती भरली कीं कलते, व प्रत्येक कलंडण्याची नोंद होते. उन्हाळ्यांतील धूळ, निंबाचीं पानें व कोळ्याचीं जाळीं तिला अडकवितात. म्हणून मृगापूर्वीं एकदां ती धुवावीच. नंतर नरसाळ्याच्या तोंडाचें क्षेत्रफळ काढावें. समजा तें ९५ चौरस सेंटिमीटर भरलें, तर ९५ घन सेंटिमीटर पाणी अर्ध्या तासांत थेंबथेंब सोडावें. पाटीवर दहा मिलिमीटर उमटले पाहिजेत. घरांतील शाळकरी मुलांस हें काम द्यावें. मुसळधार सरींत पाळी कलंडतांना कांहीं पाणी निसटतें, हा दोष चांगल्या यंत्रांतहि राहतो. शिवाय सरकारी पाऊस सकाळीं साडेआठ ते साडेआठ मोजतात आणि घरचें यंत्र बहुधा मध्यरात्रीं दिवस बदलतें. रात्रींचा पाऊस म्हणूनच दोन ठिकाणीं दोन तारखांस पडलेला दिसतो.

हा काटेकोरपणा हौसेसाठीं नव्हे. आपल्यापैकीं अनेकांचें घर शहरांत व शेती गांवीं आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून कपाशी-सोयाबीन पेरूं नये, असा कृषिखात्याचा सल्ला असतो. पाळी बिघडून चाळिसाचे ऐंशी झाले, शहरांतून फोन गेला आणि पेरणी झाली, तर पुढील उघडिपींत बियाणें जळतें व दुबार पेरणीचा खर्च साऱ्या कुटुंबावर येतो. शिवाय जूनमधील गडगडाटी सरी एका शिवारावर पडतात व दुसरें कोरडें सोडतात; गच्चीवरचें यंत्र निर्दोष असलें, तरी तें गच्चीचाच पाऊस सांगणार. यास्तव धुऱ्यापाशीं, झाडापासून दूर, एक साधें नळीचें पर्जन्यमापक रोवावें, आणि सालदारानें रोज साडेआठ वाजतां तें वाचून आंकडा कळवावा. पेरणी त्या आंकड्यावर ठरवावी.