पोटातला शेजार

कला शाखेच्या विद्यार्थ्याने जंतूंवर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ते माझ्याही पोटात राहतात!

गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर मला ताप आला. खोलीतल्या मित्राने नाव सांगितलेल्या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणल्या. ताप गेला, पण जिभेवर पांढरे चट्टे आले, घास गिळवेना. डॉक्टर म्हणाले, “ताप बहुधा विषाणूचा होता, त्यावर ह्या कॅप्सूलचा उपयोग नव्हता. ही मात्र बुरशी. तिला रान तुम्हीच मोकळे करून दिलेत.”

मग मी वाचू लागलो. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांच्या शेजारी, पुष्कळ निरोगी माणसांत, कॅन्डिडा अल्बिकन्स नावाची बुरशी मुकाट नांदत असते. जिवाणू अन्न आणि जागा अडवतात. त्यांनी तयार केलेली आम्ले तिला आवर घालतात. प्रतिजैविक जिवाणूंना मारते, बुरशीला नाही. पहारा उठला की ती फोफावते, तंतू काढून अस्तरात शिरू शकते. अशक्त रुग्णाच्या रक्तात उतरली तर जिवावर बेतते.

मग जिवाणू सज्जन आणि बुरशी दुर्जन काय? तसेही नाही. १९२८ साली फ्लेमिंग यांना सापडलेले पेनिसिलिन बुरशीनेच दिले. उलट बुरशीवरचे निस्टॅटिन एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी १९५० साली जगापुढे ठेवले, ते मातीतल्या जिवाणूपासून. दोघांचीही शस्त्रे आपण उसनी घेतली. ती केव्हा उचलावीत, एवढा विवेक मात्र घेतला नाही.

प्रतिजैविकांना चिठ्ठी लागते, असा कायदा आहे. २०१४ पासून त्यांतील काहींच्या विक्रीची वेगळी नोंदही ठेवावी लागते. पण मागणारे आपणच असू तर केवळ दुकानदाराला दोष देऊन कसे चालेल? औषध वाईट नाही. डॉक्टरांनी दिले तर सांगितले तितके दिवस जरूर घ्यावे. मित्राच्या सल्ल्याने मात्र मुळीच नाही.

वसतिगृहाच्या फलकावर आपण रोज सुविचार लिहितो. एक दिवस तिथे एवढेच लिहू या : मित्राकडून वह्या घ्या, औषध घेऊ नका!